तेलवाल्यांचा नियम

माझ्या धाकट्या बहिणीला “चुकलं माझं” असं म्हणताना मी आयुष्यात एकदाच ऐकलं. त्या दिवशी मी तिच्या दुकानातच बसलो होतो, म्हणून हे सांगू शकतो. तिची साठी उलटली, तरी घरात सगळे तिला अजून धाकटीच म्हणतात. आम्ही मोठे मात्र तिच्यापुढे जरा दबूनच असतो.

लहानपणापासून तिचं एकच पालुपद आहे. काहीही हरवलं की ती म्हणते, “जाईल कुठे? इथेच असणार.” आणि बाह्या सरसावून शोधायला लागते. वडिलांचा चष्मा, आईचं कानातलं, शेजाऱ्यांचं मांजर, सगळं तिने शोधून दिलेलं आहे. मांजर तर शेजाऱ्यांनी मुद्दाम लांब नेऊन सोडलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

तिचं दुकान विगचं. सासऱ्यांनी ते नाटकवाल्यांसाठी सुरू केलं होतं. राजाचे कुरळे केस, म्हाताऱ्याची पांढरी दाढी, दुष्ट माणसाच्या मिशा. लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हा तिला स्वतःची वेणीसुद्धा सरळ घालता येत नव्हती. पण सासऱ्यांच्या शेजारी बसून बसून ती शिकली. विग म्हणजे डोक्याच्या मापाची एक पातळ जाळी. तिच्या एकेका भोकातून बारीक आकडीने एक-दोन केस ओढायचे आणि गाठ मारायची. पुन्हा पुढचं भोक, पुन्हा गाठ. माझं तर बघूनच डोकं गरगरतं. ती मात्र गाठी मारता मारता भाजीवाल्याशी भाव करते आणि दोन्हीत चुकत नाही.

तिचा नवरा गेला, त्याच सुमारास नाटकंही कमी झाली. दुकान विकून टाकावं असं आम्हा भावंडांना वाटत होतं. आम्ही तिघं तिच्याकडे ते सांगायला गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गावातली डोकी कमी झाली का?”

“नाही,” आमचा थोरला म्हणाला.

“मग दुकान चालेल. चहा घेणार ना?”

आणि चाललं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई एका दुपारी दुकानात आली. मोठ्या आजारावरच्या औषधाने तिचे केस गेले होते. “नाटकातलं नको,” ती म्हणाली, “माझंच वाटेल असं हवं.” धाकटीने तिचा जुना फोटो मागून घेतला आणि तिच्या भांगापासून कानामागच्या बटेपर्यंत सगळं तसंच्या तसं उभं केलं. मग तिच्या ओळखीची दुसरी आली, दुसरीच्या ओळखीची तिसरी. राजे आणि म्हातारे मागच्या खोलीत गेले आणि पुढच्या आरशासमोर ही नवी माणसं बसू लागली.

निवृत्त झाल्यापासून मी दुपारचा तिथे जाऊन बसतो. दुकान अरुंद आणि लांबट आहे. दारात आरसा, मग कामाचं टेबल, वर फळीवर लाकडी डोक्यांची रांग. प्रत्येक डोक्याला नाव आहे. कपाळ मोठं तो साहेब, मान वाकडी तो नवरदेव, नाकाचा टवका उडालेला तो पैलवान. टेबलापाशी मामा बसतात. मामा म्हणजे सासऱ्यांच्या वेळचे कारागीर. त्यांचं स्वतःचं डोकं तुळतुळीत आहे. नवं गिऱ्हाईक त्याकडे बघून हसलं की मामा म्हणतात, “होते नव्हते ते दुकानाला देऊन टाकले.” मागच्या बाजूला केस धुवायची मोरी, आणि मोरी व टेबल यांच्या मधल्या कोपऱ्यात कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर धाकटीने घेतला तो या नव्या गिऱ्हाइकांसाठी. केस जाताहेत हे फोनवर सांगताना माणसांचा आवाज फुटतो. लिहायला त्यांना बरं वाटतं. म्हणून दुकानाला मेलचा पत्ता आला. मेल बघायचा प्रोग्रॅम तिने स्वतःच कॉम्प्युटरवर बसवला. फोनवर का नाही बघत, असं मी विचारलं, तर म्हणाली, “एका अंगठ्याने उत्तरं लिहायची म्हणजे नाटकातली दाढी एका बोटाने विणण्यासारखं आहे.”

पत्ता आला, आणि त्याच्यामागून जाहिराती आल्या. केस वाढवायचं तेल, केस थांबवायच्या गोळ्या, टकलावर लावायचा लेप. विगच्या दुकानाला हेच पाठवायचं कुणाला सुचलं कोण जाणे, पण सकाळी प्रोग्रॅम उघडला की आधी तेलवाल्यांची झुंबड. त्यांच्या मागे कर्ज देणारे, त्यांच्या मागे लॉटरी लागल्याचं सांगणारे. खरं पत्र शोधायचं म्हणजे केसांच्या ढिगातून टाचणी शोधायची.

मग धाकटीने नियम केले. त्या प्रोग्रॅममध्ये तशी सोय आहे. अमुक प्रकारचं पत्र आलं तर त्याचं तमुक कर, असं आपण एकदा लिहून ठेवायचं, की तो आपला निमूटपणे करत राहतो. तिने प्रत्येक नियमाला नाव दिलं. एक ‘कर्जवाले’, एक ‘लॉटरीवाले’, आणि सगळ्यांत वर ‘तेलवाले’. दुसऱ्या दिवसापासून इनबॉक्स आरशासारखा लख्ख. ती मला रोज बोलावून दाखवायची.

“बघ दादा, एकही नाही! झाडू मारल्यासारखं.”

“मस्तच,” मी म्हणायचो.

त्या झाडूत आणखी काय गेलं, ते आम्हाला एका वेणीने दाखवलं.

वेणी पार्सलने आली. चांगली कमरेपर्यंत पोचेल एवढी, काळीभोर, कापल्या टोकाला घट्ट दोरा बांधलेली. दुकानाची रीत अशी, की बाहेरून केस आले की वरचं वेष्टन आधी दाराबाहेरच्या पिंपात जायचं आणि केस तडक मोरीत. आत कुठली घाण, कुठल्या लिखा येतील, सांगता येत नाही. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत, मामा ती डोळे मिटून पाळतात. त्याप्रमाणे वेष्टन गेलं आणि त्याच्याबरोबर पाठवणाऱ्याचं नाव गेलं. इतकी वर्षं त्याने काही अडलं नव्हतं, कारण केस पाठवणारा आधी कळवतो, हल्ली मेलने, आणि मग केस पाठवतो. दोऱ्याला एक चिठ्ठी तेवढी अडकवलेली होती. ‘बाकी सगळं मेलमध्ये लिहिलं आहे. घाई आहे, माफ करा.’

धाकटीने इनबॉक्स पाहिला. असलं मेल नव्हतं.

“येईल,” ती म्हणाली. “जाईल कुठे?”

मामांनी वेणी धुतली, सावलीत वाळवली आणि टेबलामागच्या खिळ्याला टांगली. दुकानाची दुसरी रीत त्याहून कडक आहे. केस कुणाचे आहेत हे कळल्याशिवाय त्यांना कात्री लावायची नाही आणि दुसऱ्याच्या डोक्यासाठी तर मुळीच वापरायचे नाहीत. त्यामुळे वेणी लटकत राहिली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पंखा लावला की ती जरा हलायची आणि मामा त्या बाजूला पाठ करून बसायचे.

एका दुपारी त्यांनी आकडी खाली ठेवली.

“ताई, एक बोलू?”

“बोला की. तुम्ही कधीपासून विचारून बोलायला लागलात?”

“घाई आहे म्हणून लिहिलंय त्या बाईने. एवढी लांब वेणी काही कुणी हौसेने कापत नाही. औषध सुरू व्हायच्या आधी कापली असणार, गळून जायच्या आत. म्हणजे आता तिचं डोकं रिकामं झालं असेल. आणि हे इथे खिळ्यावर वाळतंय.”

धाकटीने वेणीकडे पाहिलं, मग हातातलं काम तसंच टाकून कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

“दादा, खुर्ची घेऊन इकडे ये. आज हिचं पत्र सापडल्याशिवाय मी उठत नाही.”

आधी तिने जंक नावाचा कप्पा उघडला. प्रोग्रॅमला जे पत्र संशयास्पद वाटतं ते तो आपण होऊन तिथे टाकतो. तिथे एका हॉटेलची जाहिरात होती, बाकी काही नाही.

“तेलवालेसुद्धा नाहीत,” मी म्हणालो.

“ते कसे असतील? त्यांची मी सोय लावली आहे ना.” मग ती थांबली. “मेलच येत नसतील का? तू तुझ्या फोनवरून एक पाठव बघू.”

मी लिहिलं, ‘चहा ठेवायचा का?’ लगेच आलं.

“येतंय की. आता असं कर, गिऱ्हाईक लिहितं तसं लिही.”

मी लिहिलं, ‘माझे केस गळत आहेत, विग हवा आहे.’ तेही आलं. धाकटीने माझ्या डोक्याकडे एक नजर टाकली. “खोटं नाही लिहिलंस,” ती म्हणाली. पण तिच्या कपाळावर आठी होती. पत्रं येत होती, शब्दांचीही काही अडचण दिसत नव्हती. मग त्या बाईचंच का नाही?

“तिने पाठवलंच नसेल,” मी म्हणालो.

“जिने वेणी कापून पाठवली, ती पत्र पाठवायला विसरेल?” धाकटीने मान हलवली. “मामा, तुमच्या मुलीने तुम्हाला मेलचा पत्ता करून दिला होता ना? फोन आणा.”

“मी आजवर कुणाला पाठवलं नाही हो.”

“म्हणूनच तर हवं. दादाला प्रोग्रॅम ओळखतो, त्याचा पत्ता माझ्या पत्त्यांच्या यादीत आहे. तुम्ही त्याला परके.”

“चाळीस वर्षं इथे बसतोय, आणि परका!” मामा पुटपुटले, पण फोन घेऊन आले. धाकटीने त्यांच्याकडून आधी नुसतं ‘नमस्कार’ पाठवून घेतलं. ते आलं.

“आता लिहा, माझे केस गळत आहेत.”

“ताई, हे कोण खरं मानेल?”

“कॉम्प्युटरला दिसत नाही. लिहा.”

मामांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं आणि पाठवलं. आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. इनबॉक्सच्या नावापुढे क्षणभर एकचा आकडा आला आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच नाहीसा झाला.

“आलं!” मी म्हणालो.

“आलं आणि गेलं,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

तिने नियमांची यादी उघडली आणि सगळ्यांत वरचा ‘तेलवाले’ उघडून मोठ्याने वाचला. पाठवणारा आपल्या पत्त्यांच्या यादीत नसेल, आणि पत्रात केस गळण्याबद्दलचे हे हे शब्द असतील, तर पत्र न दाखवता ट्रॅशमध्ये टाक. वाचून झाल्यावर तिने तो पुन्हा एकदा मनात वाचला. मला नीटसं कळलं नव्हतं. मामांना कळलं असावं, कारण त्यांनी हळूच फोन खिशात टाकला.

“दादा,” ती म्हणाली, “ज्याला मी ओळखत नाही आणि जो केस गळण्याबद्दल लिहितो, तो कोण?”

“तेलवाला.”

“तेलवाला. आणि दुसरा?”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसरं म्हणजे तिचं प्रत्येक नवं गिऱ्हाईक. जुनी माणसं यादीत होती म्हणून त्यांची पत्रं येत होती. नाटकवाले गळण्याबद्दल लिहीत नाहीत म्हणून त्यांचीही येत होती. अडत होतं ते फक्त पहिल्यांदा दार वाजवणारं माणूस. गेल्या दोन-तीन महिन्यांत नवं कुणी लिहिलं नाही, हे आमच्या लक्षात आलं होतं. लोक हल्ली मोठ्या दुकानातून तयार विग आणतात, असं आम्ही आपलं ठरवून टाकलं होतं.

“चुकलं माझं,” धाकटी म्हणाली.

मी काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून तोंड उघडलं. मामांनी मला हाताने गप्प केलं.

“नियमाचं काही चुकलं नाही,” ती स्वतःशीच बोलत होती. “मी सांगितलं तसं तो बिचारा करत बसला. मी रोज लख्ख इनबॉक्स बघून खूश. अरे, विगच्या दुकानात केस गळण्याबद्दल एकही पत्र येत नाही, याचा आनंद कसला करायचा!”

तिने ट्रॅश उघडला. आत मामांचं पत्र होतं आणि त्या सकाळचे तेलवाले. आदल्या दिवसापर्यंतचं काहीच नव्हतं. याचंही कारण तीच. दुकान बंद करताना टेबल पुसायचं, लाकडी डोक्यांवर फडकं टाकायचं, पिंप रिकामं करायचं, ही तिची सवय. तेच वळण तिने कॉम्प्युटरला लावलं होतं. प्रोग्रॅम बंद केला की ट्रॅश आपोआप रिकामा.

“म्हणजे गेलंच की,” मामा म्हणाले.

धाकटी वेणीकडे बघत होती. मग एकदम ताठ बसली, आणि मला तिचा तो लहानपणीचा, बाह्या सरसावलेला चेहरा दिसला.

“जाईल कुठे? आपला आधीचा कॉम्प्युटर जळाला तेव्हा सगळी पत्रं गेली होती, आठवतं? त्यानंतर मी याला सांगून ठेवलं होतं, की इथे पत्र उतरवलंस तरी तिकडे मेल देणाऱ्या कंपनीकडे महिनाभर एक प्रत राहू दे. इथला ट्रॅश मी झाडला. तिकडचा झाडलेला नाही. तिकडे माझा नियम चालतच नाही.”

“मग तिकडे बघता येईल?”

“वेबसाइटवरून. पासवर्ड लागेल फक्त.”

“काय आहे पासवर्ड?”

पासवर्ड प्रोग्रॅमला पाठ होता, तिला नव्हता. तिने दोन-तीन शब्द टाकून बघितले, साइटने नाही म्हटलं. ती आणखी एक टाकणार, तेवढ्यात मामा उठले, फळीवरून साहेबांना उचललं आणि उलटं करून तिच्यापुढे धरलं. साहेबांच्या मानेच्या तळाशी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं.

“तुम्हीच लिहिलं होतं, ताई. चोर आला तरी टकलं उलटं करून बघणार नाही, म्हणाला होतात.”

“साहेब म्हणतात ते उगाच नाही,” धाकटी म्हणाली. “कामाचं सगळं खालीच ठेवतो.”

पासवर्ड लागला, आणि पडद्यावर पत्रांचा नुसता पूर लोटला. तेल, गोळ्या, लेप, पुन्हा तेल. ती एकेक ओळ बोटाने दाखवत खाली जात राहिली. मध्येच बोट थांबलं. मग थोड्या खाली पुन्हा थांबलं. एका बाईने आपल्या आईसाठी विचारलं होतं. एका माणसाने लिहिलं होतं की लग्नाला चाललोय, भुवयासुद्धा करता का. आणि तळाशी, महिना भरत आलेल्या पत्रांत, वेणीवालीचं पहिलं पत्र सापडलं. आणखी काही दिवस गेले असते तर तेही पुसलं गेलं असतं.

तिची पत्रं तीन होती, नंतरची दोन वरच्या गर्दीत नजरेतून सुटली होती, आणि तिन्हींवर विषय एकच होता, ‘केस गळणे आणि विग’. धाकटीने ती आम्हाला वाचून दाखवली.

पहिल्यात डोक्याची मापं होती, फोन नंबर होता. ती पाळणाघर चालवत होती. तान्ही आणि रांगती मुलं दिवसभर तिच्याकडे असायची. ‘मुलांना झोपवताना त्यांच्या हातात माझी वेणी असते,’ असं तिने लिहिलं होतं. ‘ती धरूनच ती झोपतात. उपचारासाठी पाळणाघर थोडे दिवस बंद ठेवते आहे. परत उघडेन तेव्हा मुलांना मी ओळखू यावी, एवढंच मनात आहे. फोनवर हे बोलताना रडू येतं, म्हणून लिहिते आहे.’

दुसऱ्यात विचारलं होतं, वेणी पोचली का.

तिसरं चार दिवसांपूर्वीचं होतं. ‘तुम्ही अशी कामं घेत नसाल, काही हरकत नाही. माझी वेणी तेवढी परत पाठवावी. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी पाळणाघर उघडते आहे. मी रुमाल बांधेन.’

धाकटीने नाक पुसलं आणि फोन उचलला. पलीकडून आवाज आला तसा तिने तो स्पीकरवर टाकला.

“मी विगच्या दुकानातून बोलतेय. तुमची पत्रं मला आज मिळाली. तुम्ही पाठवलीत, माझ्याच घोळामुळे ती मला दिसली नाहीत. माफ करा.”

एक बसका आवाज म्हणाला, “अहो, असू दे. मी वेणी परत मागितली होती...”

“वेणी मिळेल की परत. डोक्यावर बसवून मिळेल.”

“पण आता वेळ कुठे आहे?”

“पाळणाघर सोमवारी ना? तुम्ही आदल्या दिवशी, रविवारी या.”

टेबलामागून मामा दोन्ही हात जोरजोरात हलवत होते. धाकटीने खुर्ची वळवून त्यांच्याकडे पाठ केली.

“खरंच होईल?” बाईंनी विचारलं.

“मी रविवार म्हटलं की रविवार. फोटो मात्र आजच पाठवा, भांग कुठल्या बाजूला पाडता ते दिसेल असा.”

फोन ठेवल्यावर मामा म्हणाले, “ताई, हा रविवार याच वर्षातला ना?”

“मामा, चेष्टा पुरे. कसं जमवायचं ते सांगा.”

“पूर्ण विग गाठीगाठीने करायचा तर दोन महिने लागतात, हे तुम्हाला मी सांगायचं?”

“पूर्ण नाही करायचा. मागे आणि बाजूला केसांच्या पट्ट्या शिवू. पुढे भांगाजवळ आणि कपाळाच्या कडेला तेवढ्या गाठी मारू. माणसाची नजर जाते ती तिथेच.”

मामांनी वेणी खिळ्यावरून काढली, हातावर तोलली, केसांच्या टोकांवरून बोट फिरवलं. “एका वेणीत डोकं भरत नाही.”

“आतल्या थरात आपले केस घालू. वरचे आणि वेणीत येणारे सगळे तिचेच. आणि तसं तिला मी सांगेन.”

“बाई हुशार आहे पण,” मामा म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली होती, म्हणजे काम सुरू झालं होतं. “मुळाकडचं टोक बांधून पाठवलंय. केस उलटसुलट झाले असते तर निवडण्यातच रविवार गेला असता.”

पुढचे दिवस दुकानात कुणी फारसं बोललं नाही. मला खिळ्यांच्या फळीवर बसवलं होतं. लाकडाच्या फळीला खिळे ठोकलेले असतात, त्यांच्या दातांतून केसांची जुडी ओढून सरळ करायची. ते काम मला जमतं असं धाकटीने जाहीर करून टाकलं, आणि मग ते जमू लागलं. मामांनी पट्ट्या शिवल्या. भांगाच्या गाठी धाकटीने घेतल्या. फोटो समोर टेकवून ठेवला होता. त्यात एक हसरी बाई, खांद्यावरून पुढे आलेली वेणी, आणि चौकटीच्या कडेला फक्त एक इवलीशी मूठ, वेणीचं टोक पकडलेली.

मध्ये तिने बाकीच्यांना उत्तरं लिहिली. आईसाठी विचारणाऱ्या बाईने दुसरीकडून विग घेतला होता. भुवयावाला दुसऱ्याच दिवशी येऊन बसला. आणि महिन्याच्या आधी ज्यांनी लिहिलं असेल, त्यांची पत्रं कायमची गेली होती. किती होती, कुणाची होती, काही कळायला मार्ग नाही. एका संध्याकाळी गाठ मारता मारता ती म्हणाली, “त्यांना वाटलं असेल, साधं उत्तरसुद्धा देत नाहीत.” ती पुन्हा कामाला लागली.

रविवारी बाई आल्या. डोक्याला रुमाल, चेहरा उतरलेला, आणि कडेवर सव्वा वर्षाची एक पोरगी.

“हिच्या आईला रविवारीही काम असतं,” त्या संकोचून म्हणाल्या. “पाळणाघर बंद आहे, पण हिला ठेवणार कुठे? वेणी गेल्यावर पहिले काही दिवस ही माझ्याकडे येतच नव्हती. अजूनही झोपवायला घेतलं की मान मागे टाकून रडते.”

पोरीला खाली सोडलं. ती लाकडी डोक्यांकडे बघत उभी राहिली. पैलवानाचं तुटकं नाक तिला फार आवडलेलं दिसलं.

धाकटीने बाईंना आरशासमोर बसवलं, रुमाल काढला आणि विग चढवला. मामा कंगवा घेऊन मागे उभे राहिले. कपाळाची कड बसवली, कानामागे एक टाका आत घेतला, भांग सरळ केला. बाई आरशात बघत होत्या, पण स्वतःकडे नव्हे, केसांकडे.

“वरचे सगळे तुमचे आहेत,” धाकटी म्हणाली. “आतला थर आमचा. नाहीतर वेणी बारीक आली असती.”

“वेणी घालता येईल?”

“घालून बघा. ओढून घाला, घाबरू नका. सुटली तर पैसे परत आणि मामांची मिशी फुकट.”

बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी हात मागे नेले, तीन पेड केले आणि न बघता घालत खाली आल्या. पेड सरळ पडत होते. टोकाला दोरा बांधला आणि सवयीने वेणी खांद्यावरून पुढे टाकली.

पैलवानाला न्याहाळून झाल्यावर पोरगी वळली. दुडदुडत खुर्चीपाशी आली. वर तोंडाकडे तिने पाहिलंच नाही. हात उंच करून वेणीचं टोक मुठीत धरलं, दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात घातला आणि खुर्चीला टेकून उभी राहिली.

मामा मोरीकडे गेले आणि उगाचच नळ सोडून उभे राहिले.

“काय म्हटलं होतं?” थोड्या वेळाने धाकटी म्हणाली. “रविवार म्हणजे रविवार.” आणि मोरीकडे तोंड करून ओरडली, “मामा, पाणी फुकट जातंय!”

बाई गेल्यावर तिने कॉम्प्युटर उघडला. मला वाटलं, आता ‘तेलवाले’ काढून टाकेल. पण नियम तिने ठेवला, फक्त त्याचं शेवटचं वाक्य बदललं. आता तो पत्र ट्रॅशमध्ये टाकत नाही. ‘बघायचं’ नावाच्या एका कप्प्यात ठेवतो. बाकीच्या नियमांचंही तिने तसंच केलं. ट्रॅश आपोआप रिकामा होण्याची खूणही काढली. मग मामांना पुन्हा एकदा केस गळत असल्याचं लिहायला लावलं. ते पत्र नव्या कप्प्यात जाऊन बसलेलं तिने आम्हा दोघांना दाखवलं आणि मगच चहा ठेवला.

तेव्हापासून तो कप्पा रोज तीच बघते. दुकान उघडलं की पहिलं काम तेच, आणि मुद्दाम मोठ्याने वाचते.

“सात दिवसांत दाट केस! मामा, मागवायचं का?”

“सातव्या दिवशी कंगवा कोण देणार?” मामा गाठ मारता मारता विचारतात.

“हा दुसरा म्हणतोय, झोपताना लावा.”

“मग उशीला येतील.”

अशी वाचता वाचता ती एखाद्या ओळीवर थांबते. आवाज बदलतो. मामांची आकडी तिथल्या तिथे थांबते, आणि मी खिळ्यांची फळी पुढे ओढतो.